घट्ट दही, चोर्ला घाट आणि न गळणारा चक्का: एका छोट्या डेअरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही डेअरी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली, गावाचं नाव सांगत नाही आणि मालकांचंही नाही, त्यांना सगळे दादा म्हणतात तर मीही दादाच लिहिते. दिवसाला 500 लिटरच्या आसपास दूध येतं, थोडं पाकिटात जातं, बाकी दही, ताक आणि सणासुदीला श्रीखंड. धंदा सुरू केला दादांच्या आईनं, दोन म्हशींवर. त्यांना सगळा गाव आक्का म्हणतो आणि आजही विरजणाचं भांडं त्यांच्याच नजरेखाली असतं. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, बेळगावात लॅबमध्ये काम करते आणि सुट्टीच्या दिवशी अशा दोन-तीन छोट्या डेअऱ्यांकडं जाऊन येते.

आक्कांच्या वेळचं दही म्हशीच्या दुधाचं. फॅट 6-7 टक्के, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) 9 च्या वर, असलं दूध नीट आटवून विरजलं की दही सुरीनं कापावं असं लागतं, त्यात बॅक्टेरियानं वेगळं काही करायची गरजच नसते. पण गेल्या काही वर्षांत आजूबाजूला एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीच्या संकरित गायी आल्या, दूध वाढलं पण पातळ झालं, आता निम्म्याहून जास्त दूध गायीचं, फॅट साडेतीन आणि एसएनएफ कसाबसा साडेआठ, उन्हाळ्यात त्याच्याही खाली. पाककृती तीच, विरजण तेच, भांडी तीच, आतलं दूध मात्र बदललं, आणि हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

अडचण

दादांचं गिऱ्हाईक दोन ठिकाणी. बेळगावातल्या खानावळी बादलीनं दही घेतात, आणि कपातलं दही जातं गोव्याला. पहाटे साडेपाचला गाडी निघते, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावापर्यंत. तो रस्ता ज्यांनी पावसाळ्यानंतर बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. वळणं आणि खड्डे, आणि गाडीत दह्याचे कप. साखळीला कप उघडला की वर बोटभर पाणी, खाली दह्याचा गोळा बाजूनं सुटलेला. दुकानदार म्हणायचा, हे शिळं आहे, परत न्या. शंभर कपांमागं सात-आठ कप परत यायचे, एखाद्या आठवड्यात जास्तच.

दादांनी मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य असं होतं, "म्याडम, दही चांगलंच लागूलालंय वो, पण घाट उतरला की पाणी सोडूलालंय, काय करायचं सांगा." मला ते वाक्य फार आवडलं कारण त्यात अडचण अगदी नेमकी होती. दही लागत नाही ही तक्रारच नव्हती. लागलेलं दही हादरे सहन करत नाही, ही होती.

दही म्हणजे दुधातल्या केसिन प्रोटीनची जाळी, आंबटपणा वाढून पीएच 4.6 च्या आसपास आला की ती जुळते आणि पाणी त्या जाळीच्या भोकांत अडकून बसतं. जाळी विरळ असेल किंवा भोकं मोठी असतील तर हादऱ्यानं पाणी बाहेर येतं. सगळा प्रश्न एवढाच, की हे पाणी धरून कोण ठेवणार.

समोरचे पर्याय

दुधाची पावडर घालून एसएनएफ वाढवणं हा सरळ उपाय. चालतो, मोठ्या डेअऱ्या करतात. पण पावडरीचा भाव वरखाली होत राहतो आणि जास्त घातली की खडूसारखी चव मागं राहते. दादांना हा पर्याय खर्चामुळं नको होता. मी तो बाजूला काढला नाही, फक्त शेवटी ठेवला.

जिलेटिन. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून येतं. दादांचं अर्धं गिऱ्हाईक शाकाहारी, वारकरी घरं, विषय तिथंच संपला.

स्टार्च. आक्कांनी ऐकलं आणि म्हणाल्या, दह्यात पीठ घालायचं असेल तर पाटी उतरवा. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. साधं दही म्हणून विकायचं आणि आत पीठ, आयोडीनचे दोन थेंब टाकले की निळं होणार, हे गिऱ्हाइकाला फसवणंच झालं.

चौथा पर्याय दादांनी स्वतः आणला. सॉसच्या बाटलीवर झँथन गम, म्हणजे दाटपणा आणणारा एक डिंक, वाचून आले होते. इंटरनेटवर बघितलं की तो बॅक्टेरिया साखरेपासून बनवतो, मग म्हणाले, आपल्याकडं ऊस आहे, मळी आहे, आपणच का नाही बनवायचा? प्रश्न अजिबात भाबडा नव्हता, म्हणून मी त्यांना बसवून नीट सांगितलं. झँथन बनवणारा बॅक्टेरिया झँथोमोनास कँपेस्ट्रिस. बेळगावच्या कोबीच्या शेतात पानाच्या कडेनं इंग्रजी व्ही सारखा पिवळा डाग आत सरकतो आणि शिरा काळ्या पडतात, ती काळी कूज (ब्लॅक रॉट) करणारा हाच. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात त्याच्या चिकट पदार्थाचा अभ्यास झाला आणि 1969 मध्ये तिथं खाण्यात वापरायला परवानगी मिळाली. 28 ते 30 डिग्रीला वाढवतात, साखर भरपूर आणि नायट्रोजन मोजका ठेवतात, म्हणजे आधी पेशी वाढतात आणि नायट्रोजन संपला की उरलेली साखर डिंकात जाते. एका लिटरात 20 ग्रॅम आणि त्याच्याही वर डिंक निघतो. पण गंमत अशी की डिंक जसा वाढतो तसं द्रावण इतकं दाट होतं की हवा आतपर्यंत पोचत नाही, आणि बॅक्टेरियाला तर ऑक्सिजन पाहिजेच, म्हणून मोठी मोटर, मोठा कॉम्प्रेसर, आणि शेवटी डिंक वेगळा करायला ढीगभर आयसोप्रोपिल अल्कोहोल. वर जात शुद्ध आणि ओळखलेली पाहिजे. कोबीच्या पानावरून उचललेला बॅक्टेरिया खाण्यात घालता येत नाही. हे दुधाच्या डेअरीचं काम नव्हे.

आणि पाचवा, दह्याच्याच बॅक्टेरियाकडून हे काम करून घेणं. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसच्या काही जाती दूध आंबवता आंबवता दुधातल्याच साखरेपासून पेशीबाहेर लांब साखळ्या सोडतात, एक्सोपॉलिसॅकराइड म्हणतात, सोपं म्हणून आपण ईपीएस म्हणू. प्रमाण अगदी थोडं, लिटरमागं साधारण 50 ते 400 मिलिग्रॅम, म्हणजे झँथनच्या टाकीपुढं शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. पण तो जागेवरच, जाळीच्या भोकांतच तयार होतो, बाहेरून घालून ढवळायचा नाही, म्हणून एवढ्याशानंही पाणी धरलं जातं. आणि कपावर लिहायला दूध आणि कल्चर, म्हणजे विरजणाचे बॅक्टेरिया, एवढंच.

साखर कारखान्यात काम केलेल्यांना ही गोष्ट उलट्या बाजूनं माहीत असते. ऊस तोडून पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक रसात डेक्स्ट्रन करतो, रस तारेसारखा होतो, गाळप अडतं. तिथं जो वैरी, त्याचाच भाऊबंद इथं आपल्याला कामाला लावायचा होता.

काय केलं

आधी कल्चरला हातच लावला नाही. हा पहिला निर्णय आणि मला आजही तो बरोबर वाटतो. दादांकडं दूध उकळीला आलं की लगेच उतरवायचे, कधी त्याच्या आधीच, थर्मामीटर नव्हताच. दूध 90 डिग्रीला 5 मिनिटं धरलं, किंवा 85 ला अर्धा तास, तर दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन उलगडून केसिनला चिकटतं आणि जाळी दाट होते. तेवढंच बदललं आणि आठ दिवस मोजत राहिलो.

मोजायला मशीन नव्हतं. स्टीलची गाळणी, त्यावर ओलं करून पिळलेलं मलमल, त्यात 100 ग्रॅम दही, खाली मेजरिंग सिलेंडर, 2 तास फ्रिजमध्ये. जुन्या पद्धतीच्या दह्यातून 31 मिली पाणी उतरायचं. फक्त तापवणं सुधारल्यावर 22. दादा सिलेंडर खिडकीच्या उजेडाकडं धरून दोन-दोनदा बघायचे, आणि वहीत आक्कांच्या हातानं आकडा. आक्का चौथी शिकल्यात पण त्या वहीत एक दिवस चुकलेला नाही.

मग कल्चर. पहिलं सॅशे, म्हणजे कल्चरच्या पावडरीची पुडी, आणलं ते चांगलं तार धरणारं, कारण माझ्या डोक्यात होतं की ईपीएस जितकं जास्त तितकं बरं. 43, 40 आणि 38 डिग्री, तीन बादल्या. 43 ला साडेचार तासांत पीएच 4.6 आला, पाणी 16 मिली. 38 ला साडेसात तास लागले, पण पाणी 9. चमचा उचलला तर वितभर तार. मी खूश.

इथं एक गोष्ट स्वच्छ सांगायला पाहिजे. 38 ला जे चांगलं झालं ते सगळं ईपीएसमुळं नाही. कमी तापमानाला आंबटपणा सावकाश वाढतो, जाळी सावकाश आणि बारीक जुळते, भोकं लहान राहतात, त्याचाही वाटा आहे. थर्मोफिलसच्या सगळ्याच जाती थंड ठेवल्यावर जास्त ईपीएस करतात असंही नाही, जातीनुसार बदलतं. म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलून आपल्या टाकीला लावायचा नाही, आपलं दूध, आपलं कल्चर, आपल्या तीन बादल्या.

ते दही खानावळीत गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार बादल्या परत. "दही नासलंय, तार सुटलीय बगा." आणि ते लोक चूक नव्हते! आपल्याकडं दह्याला तार सुटली म्हणजे बिघडलं, हे प्रत्येक बाईला आईनं शिकवलेलं असतं. तिकडं फिनलंडमध्ये व्हीली म्हणून तार सुटणारं दही मुद्दाम करतात आणि आवडीनं खातात, पण वाढपी ताटावर डाव धरून उभा आणि दही तुटतच नाही, हे आपल्या पंगतीत कसं चालणार? आक्का मला रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पोरी, आधी मला चाखायला द्यायचंस की."

मग कंपनीच्या माणसाशी बोलून दुसरं कल्चर मागवलं. ईपीएस करणाऱ्या सगळ्या जाती तार काढत नाहीत. काहींचा ईपीएस पेशीभोवती कवचासारखा चिकटून राहतो, पाणी धरतो पण चमच्याला ओढ लागत नाही. या कल्चरनं 38 ला 11 मिली पाणी सोडलं, आधीच्या 9 पेक्षा जास्त, आणि आम्ही तरीही हेच घेतलं. आक्कांनी चाखलं, बोटावर घेऊन बघितलं, मान हलवली. आकड्यानं हरलेलं कल्चर आम्ही निवडलं, कारण साखळीला 11 मिलीवालं दही पण बिनपाण्याचं पोचत होतं. दादांनी स्वतः क्रेट घेऊन दोनदा घाट उतरून चढून बघितला.

वेळेचा घोळ राहिला. संध्याकाळचं दूध येऊन तापून विरजेपर्यंत साडेआठ, त्यात साडेसात तास म्हणजे पहाटे चार, आणि साडेपाचला गाडी. दही कोमट असतानाच हलणार. थंड झालेलं नसलेलं दही हलवलं तर कुठलंही कल्चर वाचवत नाही. माझा कल तापमान 41 ला नेऊन वेळ वाचवण्याकडं होता. दादा म्हणाले, तापमान कशाला हलवताय, दूध बदलूया. सकाळच्या दुधाचं दही, दुपारी बाराला भरायचं, संध्याकाळी साडेसातला लागतं, रात्रभर कोल्डरूम, पहाटे गाडी. संध्याकाळचं दूध पाकिटाला. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

विरजणाची काटकसर

डिसेंबरमध्ये सगळं छान चाललं म्हणून मी महिनाभर गेले नाही. जानेवारी संपता संपता परत फोन, परत पाणी. जाऊन बघितलं तर सॅशे महाग पडतंय म्हणून दादा रोज आदल्या दिवशीच्या दह्यातलं अर्धा लिटर मागं ठेवून तेच विरजण लावत होते, तीन आठवडे सलग. आपल्या घरी हेच करतात, आजीपासून करतात, त्यांना कसं दोष देणार? मी आधी सांगायला पाहिजे होतं.

गाळणीवर 19 मिली. असं होतं कारण ईपीएस बनवणं हे बॅक्टेरियाच्या स्वतःच्या जगण्याला गरजेचं नसतं, त्यात त्याची ताकद जाते, आणि ते गुण ज्या जीन्सवर असतात ते अनेकदा डळमळीत. काही पेशींचा तो गुण जातो, त्या जरा जोरात वाढतात, रोज विरजण पुढं नेलं की त्यांचीच संख्या वाढत जाते. शिवाय घरच्या हवेतले, भांड्यातले दुसरे बॅक्टेरिया शिरतात, बॅक्टेरियालाच मारणाऱ्या फाज व्हायरसचीही भीती असते. दही लागतं, आंबटही होतं, म्हणून कळत नाही. पाणी धरणारा मात्र निघून गेलेला.

रोज नवीन सॅशे हा सगळ्यात सुरक्षित मार्ग, पण परवडत नव्हता. सॅशे फोडून चिमूट चिमूट वापरणं मी नको म्हटलं, त्यात ओल शिरते आणि पावडरीत बॅक्टेरिया सगळीकडं सारखे नसतात. मधला मार्ग असा ठरला की एका पूर्ण सॅशेचं विरजण उकळून थंड केलेल्या दुधात, वेगळ्या झाकणाच्या डब्यात करायचं, ते तीन दिवस पुढं न्यायचं, चौथ्या दिवशी काहीही झालं तरी फेकायचं आणि नवीन सॅशे. डब्यावर तारखेची चिठ्ठी. फेकायच्या दिवशी आक्कांना वाईट वाटायचं, मग त्या त्याची कढी करायला लागल्या.

पाडवा

यात माझी चूक आहे आणि ती मोठी आहे. पाडव्याला दादांकडं श्रीखंडाची ऑर्डर असते, बेळगावातल्या काही दुकानांची आणि गावातल्या घरांची. त्यासाठी चक्का लागतो. आदल्या दोन दिवसांत दही पंचात बांधून टांगतात, रात्रभरात पाणी गळून सकाळी घट्ट चक्का. त्या वर्षी पंचे टांगले, पहाटे आक्का उठून बघतात तर पंच्याखालच्या पातेल्यात नेहमीच्या निम्मं पण पाणी नाही. पंचा दाबला तर आतलं दही बोटांमधून लोण्यासारखं वर येतंय. आणखी बारा तास टांगलं, वर वजन ठेवलं, तरी चक्का सैलच, आणि तोवर आंबट चढलेला. साखर फेटली की श्रीखंड वाहायला लागलं. अर्ध्याहून जास्त ऑर्डर दादांना फोन करून रद्द करावी लागली, सणाच्या आदल्या दिवशी.

सहा महिने आम्ही ज्यासाठी धडपडलो, दह्यानं पाणी सोडू नये, तेच तर झालं होतं. चक्क्याला पाणी सोडणारं दही लागतं. मी ऑक्टोबरमध्ये एकदा तरी विचारायला पाहिजे होतं की या टाकीतलं दही आणखी कशाकशाला जातं. टांगलेले पंचे मी त्याच शेडमध्ये दसऱ्याला डोळ्यांनी बघितले होते.

शेवटी काय झालं

आता दोन टाक्या आहेत. कपाच्या दह्याला ईपीएसवालं कल्चर, 38 डिग्री, सकाळचं दूध. चक्क्याला आणि खानावळीच्या बादल्यांना आक्कांचं जुनं विरजण, 43 ला, पण तापवणं मात्र नवीन पद्धतीनं. खानावळीच्या बादल्या शहरातल्या शहरात जातात, घाट नाही, त्यांना जुन्या विरजणाचा वासच आवडतो, म्हणून तिथं बदलायचं कारणच नव्हतं. डाव, बादल्या, झाकणं दोन्ही टाक्यांची वेगळी, एकावर निळी पट्टी एकावर लाल, कारण एका डावानं दोन्हीकडं हात घातला की महिन्याभरात दोन्ही विरजणं एकच होणार.

गोव्याहून परत येणारे कप शंभराला एक-दोनवर आले. उन्हाळ्यात एसएनएफ उतरला तेव्हा एप्रिल-मे दोन महिने थोडी पावडर घालावी लागली, म्हणजे सुरुवातीला शेवटी ठेवलेला पर्याय कामाला आलाच. वर्षभराची मात्र गरज पडली नाही.

आता परत करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी डेअरीतून बाहेर जाणारा प्रत्येक पदार्थ कागदावर लिहून घेईन आणि प्रत्येकापुढं एकच प्रश्न विचारीन, याला पाणी धरायचंय का सोडायचंय. ताकाचं उत्तर तर आणखी वेगळंच येतं, दाट ताक पिणारी माणसं वेगळी आणि पातळ ताक जेवणावर घेणारी वेगळी.

चाखायला आक्कांना आधी देईन, सिलेंडर नंतर.

तापवणं आधी आणि कल्चर नंतर, हा क्रम तसाच ठेवीन. 31 चे 22 फक्त थर्मामीटर आणि पाच मिनिटांनी झाले होते, दोन्ही एकदम बदललं असतं तर सगळं श्रेय सॅशेला गेलं असतं, आणि पुढं गॅस वाचवायला दादांनी तापवणं कमी केलं असतं तर कळलंही नसतं दही का बिघडलं. विरजण किती दिवस चालतं हे पण अंदाजानं तीन दिवस न ठरवता पहिल्याच महिन्यात एका डब्यात रोज पुढं नेत बघीन, कुठल्या दिवशी 11 चे 14 होतात ते.

या पाडव्याला मी आदल्या रात्री तिथंच राहिले. लाल पट्टीच्या टाकीतलं दही, सहा पंचे, खाली सहा पातेली. पहाटे चारला आक्कांनी उठवलं आणि काही न बोलता बॅटरीचा उजेड पातेल्यावर धरला. काठोकाठ पिवळसर पाणी होतं.